खाणीचें मोल

अवचित मोठा लाभ झाला कीं मराठींत ‘सोन्याची खाण सांपडली’ असें म्हणतात. परंतु खाणीच्या व्यवसायांत मुरलेल्या माणसाला हा वाक्प्रचार फारसा रुचत नाहीं. खाण सांपडत नसते. सांपडतो तो खडक. त्या खडकाची खाण होईल कीं नाहीं, हें मोजमापानें, हिशेबानें आणि बऱ्याच अंशीं संशयी वृत्तीनें ठरवावें लागतें. हा संशय म्हणजे इंजिनियरांचा धंदा, असें समजून शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनींहि स्वस्थ राहूं नये. कारण खाणी खणल्या जातात त्या पुष्कळदां अशाच कुटुंबांच्या शिलकीवर. कोणी शेअर घेतले नसले, तरी विमा, निवृत्तिवेतनाचा निधि अशा वाटांनीं तो पैसा तेथें जाऊन पोहोंचलेला असतो.

खडकांत धातु असणें निराळें आणि तो खडक धातुक असणें निराळें. ज्यांतून धातु काढून सर्व खर्च वजा जातां कांहीं उरतें, त्यालाच धातुक म्हणावयाचें. समुद्राच्या पाण्यांत सोनें आहे, हें खोटें नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेला युद्धदंड फेडण्यासाठीं फ्रिट्झ हाबर ह्या नोबेल पारितोषिक मिळविलेल्या रसायनशास्त्रज्ञानें तें काढण्याचा उद्योग कांहीं वर्षें केला. पण ठिकठिकाणच्या समुद्रांचे नमुने तपासल्यावर सोनें अपेक्षेच्या मानानें इतकें अल्प निघालें कीं, तो नाद त्याला सोडावा लागला.

हाच नियम कोलारला निराळ्या रीतीनें प्रत्ययास आला. त्या काळच्या म्हैसूर संस्थानांतील ह्या खाणी लंडनच्या जॉन टेलर आणि सन्स ह्या पेढीच्या व्यवस्थेखालीं १८८० नंतर भरभराटीस आल्या. १९०२ सालीं कावेरीवरील शिवसमुद्रम् येथून तेथें वीज नेण्यांत आली. सुमारें १२० वर्षांत तेथून एकंदर ८०० टनांच्या आसपास सोनें निघालें. खोली तीन किलोमीटरांच्या पलीकडे गेली. तेवढ्या खोलीवर खडक इतका तापलेला असतो आणि त्यावर दाब इतका असतो कीं, थंड हवा खालीं पोहोंचविणें, पाणी उपसणें आणि अवचित फुटणाऱ्या खडकापासून माणसें वांचविणें ह्यांतच पैसा मुरतो. इकडे टनामागें मिळणारें सोनें घटत चाललेलें. २००१ च्या फेब्रुवारीअखेर खाणी बंद झाल्या, त्या सोनें संपलें म्हणून नव्हे, तर तें काढणें परवडेना म्हणून.

मग एखादी नवी खाण काढावयाची असेल तर तिची परीक्षा कशी करावी? जमिनीखालचा खडक सगळा कोणी पाहिलेला नसतो. हिरकण्या बसविलेल्या गिरमिटानें भोंक पाडून त्यांतून दगडाच्या लांब कांड्या वर काढतात, आणि एकमेकांपासून शेंकडों फूट दूर असलेल्या ह्या कांड्यांवरून मधल्या लाखों टन खडकाविषयीं अनुमान करावयाचें असतें. शितावरून भाताची परीक्षा होते हें खरें. पण ती भात एकसारखा शिजलेला असतो म्हणून. सोनें खडकांत सारखें पसरलेलें नसतें. एका कांडींत टपोरा दाणा सांपडतो, शेजारची कोरडी निघते. अशा एखाद्या दाण्याच्या जोरावर सरासरी फुगविणें हा ह्या धंद्यांतील फार जुना मोह आहे.

म्हणून कांडी उभी चिरून अर्धी कसासाठीं पाठवितात आणि अर्धी क्रमांक घालून पेटींत जपून ठेवितात. कसाला जाणाऱ्या नमुन्यांत कांहीं कोरा दगड व कांहीं आधींच ज्ञात असलेल्या कसाचा दगड, प्रयोगशाळेला न सांगतां, मुद्दाम मिसळतात. कस पाहण्याची रीत सोनारांना अगदींच परकी वाटणार नाहीं: दगडाची पूड शिशाच्या भस्माबरोबर मुशींत वितळविली कीं सोनें शिशांत उतरतें, मग हाडांच्या राखेच्या वाटींत तें शिसें जिरवून मागें राहिलेला मणी तोलावयाचा.

१९२९ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष झालेले हर्बर्ट हूव्हर हे मूळचे खाण-इंजिनियर. १९०९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ मायनिंग’ ह्या ग्रंथांत त्यांनीं धातुकाचे सिद्ध, संभाव्य आणि अपेक्षित असे तीन वर्ग सुचविले. आज शब्द बदलले आहेत, पण तिन्ही वर्ग एकाच बेरजेंत घालून जाहिरात सजविण्याची हौस कायम आहे.

हिशेबाचें एक कल्पित उदाहरण घेण्यासारखें आहे. २० लाख टन धातुक, टनामागें ५ ग्राम सोनें. म्हणजे कागदावर १० टन सोनें. परंतु खाणीचें छत तोलून धरण्यासाठीं खडकाचे खांब सोडावे लागतात; दहावा हिस्सा त्यांत अडकला तर उरले ९ टन. गिरणींत दळून सायनाइडच्या पाण्यानें सोनें विरघळवितांना शेंकडा ८ वायां गेलें, तर हातीं सव्वाआठ टन. खणतांना कडेचा वांझ दगड मिसळतो, त्याच्या उचलीचा व दळणाचा खर्च वेगळाच. आणि हें सोनें एका दिवसांत येत नाहीं. भांडवल आज घालावयाचें, शाफ्ट खोदण्यांत व यंत्रें उभारण्यांत चार-पांच वर्षें जावयाचीं, मग कित्येक वर्षें थोडें थोडें उत्पन्न. शेंकडा १० चक्रवाढ व्याजानें दहा वर्षांनंतरच्या रुपयाची आजची किंमत ३९ पैशांहूनहि किंचित् कमी भरते. ज्या अहवालांत ही वजावाट नाहीं तो कितीहि जाड असो, अपुराच होय.

पण हा सारा हिशेब नमुन्यावर उभा असतो, आणि नमुनाच खोटा असेल तर? बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियाकडील भागांत बुसांग ह्या जंगली ठिकाणीं हेंच घडलें. कॅनडांतील कॅलगरी शहरच्या ब्री-एक्स ह्या लहानशा कंपनीनें १९९३ सालीं ती जागा घेतली. भोंकें पडत गेलीं तसतसा सोन्याचा आंकडा वाढत गेला. १९९७ च्या आरंभीं तो ७ कोटि औंसांवर, म्हणजे सुमारें २,२०० टनांवर पोहोंचला. कोलारनें शतकाहून अधिक काळांत जें दिलें, त्याच्या जवळजवळ पावणेतीनपट सोनें चार वर्षांत कागदावर आलें! कंपनीची बाजारांतील किंमत सुमारें ६ अब्ज कॅनेडियन डॉलरांवर गेली. पेढ्यांचे तज्ज्ञ, वर्तमानपत्रें, मोठमोठ्या खाण-कंपन्या, सगळे तिच्या दारीं लोटले.

नवल असें कीं, कस पाहणाऱ्या प्रयोगशाळेची चूक नव्हती. नमुन्यांत सोनें होतें, तें तिनें मोजलें. परंतु कांडी चिरून अर्धी राखण्याचा रिवाज तेथें मोडला होता. जवळजवळ सगळी कांडी कुटून कसाला जात असे, व मागें पडताळ्याला फारसें कांहीं राहत नसे. त्याचें कारणहि विद्वत्तेचें दिलें जाई: सोनें विषम पसरलेलें, म्हणून नमुना जितका मोठा तितका चांगला! ह्यांत अर्धें सत्य होतें, आणि म्हणूनच तें खपलें. कुटलेल्या नमुन्यांत सोन्याचे कण बाहेरून मिसळले जात होते. त्यांतले पुष्कळ कण गोलसर होते. खडकांतल्या सोन्याचा कण ओबडधोबड असतो. त्याला गोलाई येते ती नदीच्या प्रवाहांत घासून. ही गोष्ट खटकावयास हवी होती तितकी कोणाला खटकली नाहीं.

शेवटीं भागीदार होऊं घातलेल्या फ्रीपोर्ट-मॅक्मोरॅन ह्या अमेरिकन कंपनीनें जुन्या भोंकांच्या शेजारीं स्वतःचीं भोंकें पाडलीं. त्यांत सोनें नगण्य असल्याचें २६ मार्च १९९७ रोजीं जाहीर झालें. त्याच्या एक आठवडा आधीं ब्री-एक्सचा तेथील एक प्रमुख भूवैज्ञानिक हेलिकॉप्टरमधून पडून मृत्यु पावला होता. दुसऱ्या दिवशीं शेअरची किंमत चार-पंचमांशाहून अधिक घसरली. मे महिन्यांत स्ट्रॅथकोना ह्या स्वतंत्र सल्लागार पेढीनें नमुन्यांत भेसळ झाल्याचें निःसंदिग्ध शब्दांत सांगितलें. फौजदारी गुन्ह्याबद्दल कोणालाहि शिक्षा झाली नाहीं. बुडालेल्यांत ऑन्टारिओ प्रांतांतील शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचा निधिहि होता. फळ्यावर बोर्निओचा नकाशा काढून दाखविणाऱ्या मास्तरांना, आपल्या म्हातारपणाचा कांहीं पैसा त्याच बेटांत अडकला आहे, ह्याची बहुधा कल्पनाहि नसावी. चार वर्षें जी गोष्ट उघड झाली नाहीं ती शेजारच्या थोड्याशा भोंकांनीं उघड केली. तोंपर्यंत प्रत्येकानें, पडताळा दुसऱ्या कोणीतरी घेतलाच असेल, असें मानलें होतें.

ह्या प्रकरणानंतर कॅनडानें २००१ सालीं नियम केला कीं, खाणीचे आंकडे प्रसिद्ध करतांना पात्र तज्ज्ञानें नांवानिशीं त्यांची जबाबदारी घेतली पाहिजे. ऑस्ट्रेलियांत अशा वृत्तांतांची संहिता १९८९ पासूनच होती. नियम चांगले आहेत. तथापि ज्याच्या हातीं अहवाल येतो त्यानें सही कोणाची आहे, सही करणाराचा कंपनींत हिस्सा आहे काय, अर्ध्या कांड्या जागेवर आहेत काय, आणि कंपनीशीं संबंध नसलेल्या कोणी एखादें भोंक पुन्हां पाडून पाहिलें आहे काय, एवढें विचारल्यावांचून राहूं नये.

कोलारला आज गिरणींतून दळून टाकलेल्या मातीच्या टेकड्या उभ्या आहेत. त्यांत टनामागें सरासरी एक ग्रामहि सोनें नाहीं. तरी खणण्याचा व दळण्याचा खर्च पूर्वींच झालेला आणि सोन्याचा भाव चढलेला, म्हणून ती माती पुन्हां धुवावी असा विचार वारंवार निघतो. तेथेंहि प्रथम टेकडींत माथ्यापासून तळापर्यंत भोंकें पाडावयाचीं, नमुने दोन निरनिराळ्या ठिकाणीं कसाला पाठवावयाचे, आणि सायनाइड, पाणी व वाऱ्याबरोबर गांवावर येणाऱ्या धुळीचा बंदोबस्त ह्यांचा खर्च दुसऱ्या पारड्यांत घालावयाचा.