कॉन्स्टन्स बेकर मोटली : वकील आणि न्यायाधीश



अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या न्यायालयीन लढ्याचे नाव काढले की आपल्याला थरगुड मार्शल आठवतात, आणि ते रास्तच आहे. पण आज आम्ही बोलणार आहोत त्यांच्या कचेरीत १९४५ साली उमेदवारीला लागलेल्या एका मुलीविषयी.

कॉन्स्टन्स बेकर यांचा जन्म १९२१ चा, कनेक्टिकटमधील न्यू हेवनचा. आईवडील नेव्हिस बेटावरून आलेले. वडील येलच्या विद्यार्थ्यांच्या क्लबात स्वयंपाकी. कॉलेजला पैसा नव्हता. एका सभेत ही मुलगी उठून म्हणाली, समाजकेंद्राच्या कारभारात काळ्यांना स्थानच नाही, मग ते इकडे फिरकतील कशाला? ते केंद्र बांधून देणारे गोरे गृहस्थ, क्लॅरन्स ब्लेकस्ली, सभेत बसलेले होते. रागावण्याऐवजी त्यांनी तिच्या शिक्षणाचा खर्च उचलला. (असे देणगीदार आपल्याकडे किती, हा प्रश्न आम्ही विचारत नाही!) बाबासाहेब आंबेडकर ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथूनच १९४६ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली.

शाळांमधील वर्णभेद मोडणाऱ्या १९५४ च्या ब्राऊन खटल्यात दाव्याचा मसुदा तयार करण्यात त्यांचा हात होता. खरी कसोटी मात्र मिसिसिपीत. जेम्स मेरेडिथ यांनी १९६१ मध्ये तेथील विद्यापीठात प्रवेश मागितला. खालच्या कोर्टाने वर्णभेद झालाच नाही असे ठरवले. अपील कोर्टाने जून १९६२ मध्ये तो निकाल फिरवला. तरी गव्हर्नर रॉस बार्नेट आडवे आलेच. ३० सप्टेंबरच्या रात्री दंगलीत दोन माणसे मेली, आणि दुसऱ्या दिवशी लष्कराच्या पहाऱ्यात मेरेडिथ यांनी नाव नोंदवले. या खटल्याच्या काळात मोटलीबाईंना मोटारीने हिंडवणारे मेडगर एव्हर्स यांचा जून १९६३ मध्ये घरासमोर खून झाला. बाईंनी काम थांबवले नाही. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी दहा खटले लढवले, नऊ जिंकले.

१९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात नेमले. संघीय न्यायाधीश झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. १९७५ मध्ये एका बड्या वकिली पेढीविरुद्ध स्त्रियांना नोकरीत डावलल्याचा दावा त्यांच्यासमोर आला. पेढीची मागणी अशी की, न्यायाधीश स्त्री आहेत, शिवाय काळ्या, तेव्हा त्यांनी बाजूला व्हावे. बाईंचे म्हणणे सरळ होते. वंश आणि लिंग हे आडकाठीचे कारण धरले, तर या कोर्टातल्या एकाही न्यायाधीशाला हा खटला चालवता येणार नाही, कारण वंश आणि लिंग प्रत्येकालाच असते. गोऱ्या पुरुषाला मात्र ते नसतात असे पेढी धरून चालली होती, एवढे आम्ही आमच्या पदरचे जोडतो. खटला त्यांनी आपल्याकडेच ठेवला.

पुढे १९८२ मध्ये त्या त्याच न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या. २८ सप्टेंबर २००५ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर त्या न्यायाधीशपदावर होत्या.