वजन आधी, चमचा नंतर



लहान मुलाला औषध किती द्यावे, असा प्रश्न आला की आपण लगेच त्याचे वय विचारतो. आज आम्हांला एवढेच सांगावयाचे आहे की, आधी त्याचे वजन विचारावे.

डहाणू-तलासरीकडे पाहा. पालघर जिल्ह्याच्या या दोन तालुक्यांतील आदिवासी पाड्यांवर कुपोषणाचा प्रश्न जुना आहे. चांगले पोसलेले वर्षाचे मूल साधारण ९ किलो भरते. कुपोषित मूल त्याच वयात ६ किलोचेही असू शकते. वय एक, पण शरीरे दोन!

तापावरचे पॅरासिटॅमॉल घ्या. त्याचे एका वेळचे प्रमाण दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. डॉक्टरांनी १५ ठरविले, तर ६ किलोच्या मुलाला ९० मिलिग्रॅम झाले. आता बाटली वाचा. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असेल तर ३.६ मिलिलिटर, २५० असेल तर १.८, आणि थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरलाच १०० असेल तर केवळ ०.९. औषधाचे नाव एक, मापे मात्र तीन! २५० च्या बाटलीतून ५ मिलिलिटरचा भरला चमचा दिला, तर या बाळाच्या पोटात जवळजवळ पावणेतीनपट औषध जाते. तसे वारंवार घडले की यकृताला इजा होते. शिवाय घरचा चमचा हे मापच नव्हे. तो कोणाकडे लहान, कोणाकडे मोठा.

कोणी म्हणेल, पाड्यावरच्या निरक्षर आईने हा भागाकार कसा करावा? आमचे म्हणणे असे की, तो तिने करावाच का? तो डॉक्टरांनी, परिचारिकेने करावा आणि आईच्या हाती बिनसुईची सिरिंज, योग्य जागी रेघ ओढून द्यावी. दोन डोसांत सहा तासांचे अंतर, दिवसात चारांहून अधिक डोस नाहीत, हे तिला तिच्या बोलीत सांगावे. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, तर घरी औषध न देता तडक दवाखाना गाठावा.

आणि वजन कोठून आणावे? ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी याच डहाणू तालुक्यात, बोर्डीला, १९४५ साली बालशिक्षणाचे काम आरंभिले. अंगणवाडीची कल्पना तेथेच रुजली. आज अंगणवाडीत मुलांचे वजन नोंदले जाते. ते वहीतच न राहता औषधाच्या चिठ्ठीवर उतरले पाहिजे.

आपण शहरवासीही थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला देतोच की! पुढच्या वेळी बाटली उघडण्यापूर्वी तिच्यावरचा आकडा वाचा, आणि मुलाला काट्यावर उभे करा. उभे राहत नसेल तर कडेवर घेऊन आपण उभे राहा, मग आपले वजन वजा करा. मिनिटभराचे काम आहे.