परवानगी कोणाची घ्यायची?



आज मी जेरेमी स्कॉट या अमेरिकन फॅशन डिझायनरविषयी बोलणार आहे. त्यांच्या कारकिर्दीत व्यंगाकृती सतत भेटतात. एक त्यांनी रीतसर परवानगीने वापरली, तर दुसऱ्या काही आकृतींवरून वाद झाला. या घटना शेजारी ठेवल्या, की फॅशनच्या धंद्यातला एक अन्याय स्पष्ट दिसतो.

स्कॉट यांचा जन्म १९७५ चा, कॅन्सस सिटीचा. न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकले आणि १९९७ साली त्यांनी पॅरिसमध्ये पहिला शो केला. आदिदाससाठी त्यांनी केलेले पंखांचे बूट जगभर गाजले. ऑक्टोबर २०१३ मध्ये मिलानच्या मोस्किनो या फॅशन कंपनीची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि २०२३ पर्यंत ती राहिली. बाजारातल्या, टीव्हीवरच्या रंगीत प्रतिमा उचलून उंची कपड्यांवर आणायच्या, ही त्यांची शैली. तिच्यामागे खरी प्रतिभा आहे, हे मी मनापासून मानतो.

फेब्रुवारी २०१४ मध्ये मोस्किनोसाठीच्या त्यांच्या पहिल्या संग्रहात स्पंजबॉब आला. स्टीफन हिलेनबर्ग यांची ही आकृती निकलोडियन वाहिनीची. तिचा रीतसर परवाना होता. कपडे आले, खपले, कोणाची तक्रार नव्हती.

त्याच्या आदल्याच वर्षी मात्र वेगळे घडले होते. स्कॉट यांनी स्वतःच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये मांडलेल्या संग्रहात विद्रूप, किंचाळणारे चेहरे होते. कॅलिफोर्नियातल्या स्केटबोर्ड खेळणाऱ्यांनी ते पाहताक्षणी ओळखले. जिम फिलिप्स या चित्रकाराने १९८० च्या दशकात सांताक्रूझ स्केटबोर्ड्ससाठी काढलेल्या आकृतींशी त्यांचे साम्य होते. तळव्यावर तोंड असलेला ‘स्क्रीमिंग हँड’ हा निळा हातही फिलिप्स यांचाच, १९८५ चा. कंपनी आणि चित्रकार दोघेही हक्कासाठी उभे राहिले. प्रकरण तडजोडीने मिटले. आपल्या संग्रहात फिलिप्स यांच्या चित्रांतले घटक आल्याचे स्कॉट यांनी मान्य केले आणि त्या कपड्यांचे उत्पादन थांबवले.

पुढे २०१५ मध्ये गायिका केटी पेरी हिने मेट गाला या फॅशन सोहळ्याला मोस्किनोचा झगा घातला. त्यावरील चित्र डेट्रॉईटमधल्या आपल्या भित्तिचित्रावरून घेतले आहे, असा दावा ‘राइम’ या नावाने रंगवणाऱ्या जोसेफ टियर्नी यांनी कोर्टात केला. तोही वाद अखेर तडजोडीने संपला.

आता तिन्ही प्रकरणे एकत्र पाहा. जिथे बलाढ्य दूरचित्रवाहिनी मालक होती, तिथे कागद आधी झाला आणि कपडा नंतर. जिथे फळीवर किंवा भिंतीवर चित्र काढणारा माणूस होता, तिथे चित्रकारालाच दाद मागायला पुढे यावे लागले. परवानगी मालकाच्या ताकदीवरून ठरली. ती निर्मात्याच्या श्रमावरून ठरायला हवी होती. जुन्या प्रतिमांना नवा अर्थ देण्याचे स्वातंत्र्य कलेला असलेच पाहिजे. पण विक्रीच्या मालावर दुसऱ्याची रेषा त्याला न विचारता छापणे, हे त्या स्वातंत्र्यात बसत नाही.

आपल्याकडे डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींनी यासंबंधी भारतीय कायद्याची एक गोष्ट लक्षात ठेवावी. चित्र कागदावर उतरताच त्यावर स्वामित्वहक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. परंतु डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगी नक्षी नोंदवली नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने तिचे यंत्रावर पन्नासहून अधिक नग निघाले, तर स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम १५ नुसार त्या नक्षीवरचा हक्क संपतो. कापडासाठी नक्षी काढणाऱ्या कितीतरी कलाकारांना हे कळते, तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून माझी विनंती दोघांनाही आहे. चित्रकारांनो, आपल्या कामावर सही आणि तारीख घाला, नक्षी बाजारात जाण्यापूर्वी नोंदवा, व्यवहार तोंडी ठेवू नका. डिझायनरांनो, चित्र आवडले तर आधी चित्रकाराला शोधा, मोबदला ठरवा आणि कपड्याच्या पट्टीवर त्याचे नाव छापा. चित्रकार लहान आहे म्हणून त्याचा हक्क लहान होत नाही.