सही राष्ट्रपतींची, काठी गार्डाची

(वनहक्क शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झालेलं बोलणं. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. गावात वाचून दाखवावं.)



काल रात्री जेवणं झाल्यावर एका आजीने विचारलं, "दिल्लीत राष्ट्रपती आता आपल्यातलीच बाई आहे ना? मग तिला सांगा, आमची जमीन आमच्या नावावर करून दे. तिच्या वर कोण बसलाय?" सगळे हसले. पण नीट उत्तर कोणी दिलं नाही, आम्हीपण नाही. म्हणून आज आधी तेच बोलू, मोजणीचा विषय मागाहून.

राष्ट्रपतींच्या वर कोण? कागदावर कोणीच नाही. घटनेचं ५३ वं कलम म्हणतं की देशाचा सगळा कारभार चालवण्याचा अधिकार राष्ट्रपतींचा. सैन्याचे प्रमुख तेच. संसदेने पास केलेलं बिल त्यांची सही झाल्यावरच कायदा होतं. पण लगेच ७४ वं कलम येतं. ते म्हणतं की हा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायचा. १९७६ साली घटनेत दुरुस्ती करून तो सल्ला बंधनकारकच केला. १९७८ च्या दुरुस्तीने एवढं दिलं की राष्ट्रपती एकदा तो परत पाठवून "पुन्हा विचार करा" म्हणू शकतात. मंत्र्यांनी तोच सल्ला परत दिला की मानायचा. आपल्या घरात सातबारा म्हाताऱ्याच्या नावावर असतो, पण कुठल्या खाचरात काय लावायचं ते पोरं ठरवतात, तसंच हे.

सरकारचा कुठलाही जीआर काढून बघा. शेवटी छापलेलं असतं, "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने". त्याच्या खाली सही कोणाची? उपसचिवाची, नाहीतर कक्ष अधिकाऱ्याची. बहुतेक वेळा राज्यपालांनी तो कागद पाहिलेलाही नसतो. दिल्लीचा कारभार राष्ट्रपतींच्या नावाने, मुंबईचा राज्यपालांच्या नावाने, आणि तीच साखळी खाली उतरत कलेक्टर, प्रांत, तहसीलदार, तलाठी, रेंजर आणि गार्डापर्यंत येते. कायदा करणारे वेगळे, निवाडा देणारे वेगळे, आणि अंमल करणारे हे. पुस्तकात यांना कार्यपालिका म्हणतात. गार्ड आपल्या दळीत येऊन चर खणतो आणि म्हणतो, "वरून ऑर्डर आहे." हे 'वर' म्हणजे नक्की कोण, ते विचारायचं. ऑर्डर असेल तर नंबर असेल, तारीख असेल, सही असेल.

सगळंच 'वरचं' सारखं नसतं, हे आपल्याच जमिनीवरून कळतं. २५ ऑक्टोबर १९८० ला वन संवर्धनाचा वटहुकूम निघाला. संसद बसलेली नसताना राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सांगण्यावरून काढतात तो वटहुकूम. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. तेव्हापासून वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर दिल्लीची परवानगी लागायला लागली, आणि "ही शेती त्या तारखेच्या आधीची की नंतरची" या एका प्रश्नात आपल्या किती म्हाताऱ्यांचं आयुष्य गेलं. ती झाली राष्ट्रपतींची सही.

आता दुसरं. ३ मे २००२ ला दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं की ३० सप्टेंबरपर्यंत जंगलातली अतिक्रमणं हटवा. नवा कायदा नाही, वटहुकूम नाही. खात्याच्या एका अधिकाऱ्याचं पत्र! तेवढ्यावर देशभर घरं मोडली, उभी पिकं गेली. म्हणजे सगळ्यात मोठ्या खुर्चीचीच भीती असते असं नाही. त्यानंतर लोक रस्त्यावर उतरले, म्हणून वनहक्काचा कायदा आला. २९ डिसेंबर २००६ ला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली.

आता आपल्या कामाचं, ते जरा हळू ऐका. घटनेत पाचवी अनुसूची आहे. कुठली गावं अनुसूचित क्षेत्रात येतात ते राष्ट्रपती आदेश काढून ठरवतात. महाराष्ट्राचा आदेश २ डिसेंबर १९८५ चा आहे. या क्षेत्रात राज्यपालांना असा अधिकार आहे जो बाकी राज्यात नाही. एखादा कायदा इथे लागू नाही, किंवा अमुक बदल करून लागू, असं ते अधिसूचना काढून सांगू शकतात. आदिवासीची जमीन बाहेर जाऊ नये, सावकारी आवरावी, यासाठी नियम करू शकतात. त्या नियमांना राष्ट्रपतींची मंजुरी लागते. शिवाय इथला कारभार कसा चाललाय याचा अहवाल राज्यपालांनी दरवर्षी राष्ट्रपतींना द्यायचा असतो. हे करताना राज्यपालांनी मंत्र्यांचंच ऐकायचं का, यावर वकिलांमध्ये वाद आहे. तो त्यांना घालू दे.

हा अधिकार नुसता पुस्तकात नाही. वनहक्क कायद्यात जिल्हा समितीचा निर्णय शेवटचा होता. मे २०२० मध्ये आपल्या राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीखाली अधिसूचना काढून अनुसूचित क्षेत्रासाठी ते बदललं. आता जिल्हा समितीने नाकारलेला दावा विभागीय आयुक्तांच्या समितीपुढे अपिलात नेता येतो. इथे बसलेल्यांतल्या किती जणांना हे माहीत होतं? बघा, हात किती कमी वर आले.

आणि झारखंडचं ऐका. बिरसाच्या मुलखात आदिवासींची जमीन वाचवणारे दोन जुने कायदे आहेत, एक १९०८ चा छोटा नागपूरचा, दुसरा १९४९ चा संथाळ परगण्याचा. २०१६ साली तिथल्या सरकारने शेतजमीन दुसऱ्या कामाला वापरता यावी म्हणून त्यांत दुरुस्त्या पास केल्या. लोक पेटून उठले. मोर्चे निघाले, राजभवनावर निवेदनांचे गठ्ठे गेले. २०१७ मध्ये राज्यपालांनी सही न करता बिलं परत पाठवली आणि पुढे सरकारने ती मागे घेतली. त्या राज्यपाल होत्या द्रौपदी मुर्मू. त्याच आज राष्ट्रपती.

पण आजी, अर्धंच सांगून तुम्हाला घरी पाठवणार नाही. २०२३ मध्ये वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, आदिवासी संघटनांचा तिला विरोध होता, तरी ऑगस्टमध्ये तिच्यावर राष्ट्रपतींची सही झाली. माणूस तोच. जात-जमात बघून खुर्ची चालत नाही. रांचीला कागद परत गेला तेव्हा बाहेर लोक उभे होते, हेही तितकंच खरं.

म्हणजे तुमचा पट्टा दिल्लीहून येणार नाही. पट्ट्यावर तिघांच्या सह्या लागतात: कलेक्टर, उपवनसंरक्षक आणि आदिवासी विकासचा अधिकारी. पहिला अर्ज तिथेच. राज्यपालांना "न्याय द्या" एवढंच लिहून भागत नाही. त्यांच्या हातात आहे तेच मागायचं: पाचव्या अनुसूचीखाली अमुक अधिसूचना काढा, आणि आमच्या गावांचे नाकारलेले दावे यंदाच्या अहवालात येऊ द्या. राष्ट्रपतींना त्याची प्रत, ग्रामसभेच्या ठरावासकट. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही.

दावा नाकारला तर कारणासह लेखी कळवायचं असतं. ज्यांना नुसतं तोंडी "रिजेक्ट झालं" सांगितलं, त्यांनी जेवणानंतर आंब्याखाली बसायचं, आणि ज्यांच्याकडे जिल्हा समितीचं नामंजुरीचं पत्र आहे त्यांनी शाळेच्या ओट्यावर. तिथे अपिलाचे अर्ज लिहायला पोरं बसवली आहेत. आजी, तुमचा अंगठा पहिला घेऊ.