ओटीवरील सुवार्ता
(जुबिली महोत्सवप्रसंगी केलेल्या भाषणाचा सारांश)



आजच्या मंगल दिनी एक गोष्ट आम्ही आपणांपुढे ठेवू इच्छितो. सुवार्ता सांगणे हे पाद्रींचे काम, आपले काम मिस्सा ऐकण्याचे, असा समज आपणांत रूढ आहे. तो रूढ होऊ देण्यात आम्हां धर्मगुरूंचाही दोष आहे, हे आम्ही कबूल करतो.

परंतु संत देवसहायम यांस ख्रिस्ताकडे कोणी वळविले? १७४१ च्या कोळचलच्या लढाईत त्रावणकोरच्या हाती सापडलेल्या डे लान्नॉय नामक कॅथॉलिक सेनानीने. गुरे व पिके बुडून नीलकंठ पिल्ले खिन्न झाले असता त्याने त्यांस ईयोबाची कथा सांगितली. १७४५ साली त्यांस स्नानसंस्कार धर्मगुरूने दिला खरा. पण बी पेरणारा शिपाई होता. त्या बीजाने १७५२ साली रक्तसाक्ष दिली, आणि २०२२ साली पोप फ्रान्सिस यांनी या गृहस्थास संतपदी चढविले.

तेव्हा शेजाऱ्याचे पीक बुडाले, घरी दुखणे आले, तर त्याच्या ओटीवर जाऊन बसा. ईयोबाचे मित्रही प्रथम सात दिवस मुकाट्याने जवळ बसले होते. वादविवाद नको, आमिष तर नकोच. मात्र आपल्या धीराचे कारण त्याने विचारिले, तर ख्रिस्ताचे नाव घेण्यास लाजू नका.

प्रत्येक ओटीवर आम्ही पोहोचू शकत नाही. तेथे आपणच प्रेषित आहां. प्रभू आपणांस बळ देवो. आमेन.