शाळेतील गांडूळपेटी
(भाषणाचा मजकूर)



गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र, हे वाक्य शाळेत प्रत्येकाने पाठ केलेले असते. तथापि या मित्राची प्रत्यक्ष ओळख फारच थोड्यांना असते. अनेक शाळांच्या आवारातील पालापाचोळा झाडून पेटवला जातो, आणि पोषण आहारासाठी चिरलेल्या भाज्यांची देठे उकिरड्यावर जातात. एका लहानशा गांडूळपेटीने हे सारे मातीला परत मिळू शकते.

पेटीस खर्च फारसा नाही. आंब्याची जुनी लाकडी पेटी, अथवा बुडाला आठ-दहा छिद्रे पाडलेली बादली चालते. तळाशी नारळाच्या सोडणांचा किंवा वाळलेल्या पाल्याचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा. त्यावर अर्धवट कुजलेले शेण व पाला यांचा वीतभर थर अंथरावा. ताजे शेण तापते व त्या उष्णतेने गांडुळे मरतात. म्हणून ते पंधरा-वीस दिवस सावलीत निवू द्यावे. पाव किलो गांडुळे पुरेशी होतात. पावसाळ्यात अंगणात दिसणारी गांडुळे बहुधा जमिनीत राहणारी असतात. ती पेटीत टिकत नाहीत. कचऱ्याच्या थरात वाढणारी, आयसेनिया फेटिडा जातीची लाल गांडुळे गांडूळखत करणाऱ्या शेतकऱ्याकडून किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करून मिळवावीत. वर ओले गोणपाट घालून पेटी सावलीत चार विटांवर ठेवावी. प्रत्येक वीट पाण्याच्या थाळीत असली म्हणजे मुंग्या चढत नाहीत.

यापुढचे काम मुलांचे. गांडूळ त्वचेने श्वास घेते. त्वचा कोरडी पडली की ते गुदमरते. मूठभर खत दाबून पाहावे : हात ओलसर व्हावा, पण धार लागू नये. देठे बारीक करून थोडथोडी घालावीत. मीठ, तेल, मिरची व लिंबाच्या साली वर्ज्य.

चार्ल्स डार्विन यांनी गांडुळांवरील आपला ग्रंथ 1881 साली प्रसिद्ध केला. त्यांनी घरात कुंड्यांमध्ये गांडुळे पाळली होती. मोठ्याने ओरडले तरी ती हलत नसत. मात्र कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवताच बिळात शिरत. गांडुळास कान नाहीत, परंतु कंपने जाणवतात. आपल्या शाळेतील मुलेही प्रथम पेटीजवळ बोलून आणि नंतर फळीवर हलकेच टिचकी मारून हा प्रयोग करू शकतील. पाठ्यपुस्तकातील वाक्य तेव्हा त्यांच्या स्वतःच्या निरीक्षणाचे होते.

सुमारे दोन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखे काळे, दुर्गंधी नसलेले खत तयार होते. पाणी तीन-चार दिवस थांबवून, खताचा ढीग उजेडात करावा. गांडुळे उजेड टाळून तळाशी जातात, तेव्हा वरचे खत अलगद काढून परसबागेतील वाफ्यांना द्यावे.

अशा उपक्रमाची खरी कसोटी मात्र उन्हाळ्याच्या सुटीत लागते. जूनमध्ये उत्साहाने मांडलेली पेटी मे महिन्यात पाण्यावाचून कोरडी पडली, तर परतलेल्या मुलांना रिकामी पेटी दिसेल आणि चुकीचा धडा मिळेल. यास्तव पेटी मांडण्यापूर्वीच सुटीतील पाण्याची व सावलीची जबाबदारी कोणाची, हे शिक्षक व ग्रामपंचायत यांनी ठरवावे. शाळेजवळ राहणारी दोन-तीन मुले ती आनंदाने घेतील. सुटीपुरती पेटी एखाद्या घरच्या न्हाणीजवळच्या सावलीत हलवता येईल. मुक्या जीवाला रोज तांब्याभर पाणी देण्याची सवय ज्या मुलास लागेल, ते मूल उद्या शेतातील पाला पेटवण्यापूर्वी नक्कीच क्षणभर थांबेल.