गॉड्झिलाचा नवा अवतार

राक्षस कितीहि भयंकर असला तरी त्याची सवय होते. ज्याला प्रथम पाहतांच अंगावर कांटा उभा राहिला, तोच वर्षानुवर्षें पडद्यावर येऊं लागला म्हणजे घरच्यासारखा वाटूं लागतो. जपानी चित्रसृष्टींतील गॉड्झिला या अजस्र सागरी प्राण्याचें असेंच झालें. त्याची चाल ओळखीची, गर्जना ओळखीची, त्याच्या पायाखालीं कोसळणाऱ्या इमारतीहि ओळखीच्या. म्हणूनच ३ नोव्हेंबर २०२३ रोजीं जपानांत प्रदर्शित झालेला ‘गॉड्झिला मायनस वन’ हा चित्रपट पाहून या मालिकेच्या जुन्या रसिकाची जी अवस्था होते, ती विचार करण्याजोगी आहे. तो येतो राक्षस पाहावयास; परततो तो एका भेदरलेल्या माणसाचा विचार करीत.

याचें कारण समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १ मार्च १९५४ रोजीं अमेरिकेनें पॅसिफिक महासागरांतील बिकिनी येथें हायड्रोजन बाँबची चांचणी केली. तिची किरणोत्सारी राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवर पडली. नौकेवरील २३ जण आजारी पडले आणि त्यांतील रेडिओचालक सप्टेंबरांत मरण पावला. हा घाव ताजा असतांनाच, ३ नोव्हेंबरला, तोहो कंपनीचा पहिला ‘गॉड्झिला’ पडद्यावर आला. दिग्दर्शक इशिरो होंडा हे स्वतः युद्धांत सैनिक होते, आणि मायदेशीं परततांना त्यांनीं उद्ध्वस्त हिरोशिमा पाहिलें होतें. त्यांचा राक्षस म्हणजे जड रबरी पोशाख चढविलेला एक नट. आणि ती सुप्रसिद्ध गर्जना म्हणजे संगीतकार अकिरा इफुकुबे यांनीं राळ लावलेला चामडी हातमोजा काँट्राबासच्या तारांवर घासून काढलेला आवाज! साधनें साधीं, परंतु भय खरें होतें.

पुढें तें ओसरलें. १९६२ सालीं गॉड्झिला किंगकाँगशीं झुंजला, १९६४ सालीं अंतराळांतून आलेल्या तीन डोक्यांच्या राक्षसाविरुद्ध पृथ्वीच्या बाजूनें उभा राहिला, आणि १९६७ सालीं त्याला बाळहि मिळालें. मुलांनीं टाळ्या पिटल्या. त्यांत गैर कांहींच नाहीं. पण त्या पडणाऱ्या घरांत कोणी राहत असेल, हें प्रेक्षक विसरला. २०१६ च्या ‘शिन गॉड्झिला’नें सरकारी समित्यांचा गोंधळ दाखवून २०११ चा भूकंप आणि फुकुशिमाचा अपघात यांची आठवण जागी केली. चित्रपट उत्तमच होता. तथापि त्यांत कचेऱ्या होत्या, चूल नव्हती.

ताकाशी यामाझाकी यांचा नवा चित्रपट, या मालिकेंतील सदतिसावा, त्या चुलीपासूनच सुरू होतो. काळ १९४५ चा. कोइची शिकिशिमा हा तरुण वैमानिक आत्मघातकी पथकांतला. विमान शत्रूच्या जहाजावर आदळून मरावयाचें, हें त्याला नेमून दिलेलें काम. यंत्रांत बिघाड असल्याची सबब सांगून तो ओदो बेटावर उतरतो. त्याच रात्रीं समुद्रांतून राक्षस वर येतो. विमानावरील तोफ डागण्यास त्याला सांगितलें जातें, पण भीतीनें त्याचें बोट हलत नाहीं. सकाळीं तेथें प्रेतांची रांग असते. वांचलेला एकुलता एक तंत्रज्ञ ताचिबाना हा मेलेल्यांच्या घरच्या माणसांचीं छायाचित्रें त्याच्या हातांत देतो. तोक्योंत परतावें तर घर जळालेलें, आईबाप गेलेले. आणि बाँबवर्षावांत आपलीं मुलें गमावलेली शेजारीण त्याला जिवंत परतल्याबद्दल दूषणें देते. पुढें नोरिको ही निराधार तरुणी एक परकें तान्हें मूल घेऊन त्याच्या खोपटांत आश्रयाला येते, तेव्हां हीच शेजारीण त्या मुलीच्या पेजेसाठीं आपल्याजवळचे तांदूळ आणून देते. तेंहि तोंडानें चरफडत. ही मूठभर तांदुळाची गोष्ट रसिकाला गर्जनेहून अधिक काळ स्मरते.

पोटासाठीं शिकिशिमा समुद्रांतील सुरुंग काढण्याच्या नोकरीवर जातो. नौका लांकडी, कारण लोखंड जवळ आलें तर चुंबकीय सुरुंग फुटावयाचे. १९४६ सालच्या बिकिनी येथील अणुचांचणीनें अधिकच विक्राळ झालेला गॉड्झिला या क्षुद्र नौकेच्या पाठीमागें पोहत येतो, आणि पाहणाऱ्याच्या तोंडचें पाणी पळतें. ‘शिन गॉड्झिला’तील राक्षस ११८ मीटरांहून उंच होता, हा पहिल्या चित्रपटांतल्याइतकाच, सुमारें ५० मीटरांचा. उंची घटली आणि भय वाढलें, कारण येथें कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर आहे. गिंझा भागावरील हल्ल्यांत इफुकुबे यांचे जुने सूर घुमूं लागतात. रसिक सुखावतो आणि त्याच क्षणीं शरमतो. ज्या सुरांवर त्यानें लहानपणीं टाळ्या पिटल्या, त्याच सुरांवर आतां माणसें चिरडलीं जात असतात. नोरिको शिकिशिमाला आडोशाला ढकलते आणि स्वतः स्फोटाच्या झोतांत नाहींशी होते. मग काळा पाऊस पडूं लागतो. हिरोशिमाचें नांव कोणी उच्चारीत नाहीं, आणि त्याची गरजहि नसते.

यापुढील भाग म्हणजे चित्रपटाचा गाभा. सरकार हतबल असल्यामुळें निवृत्त नौसैनिक एकत्र येतात. बुडबुड्यांच्या वेढ्यानें पाण्याचा आधार काढून घेऊन राक्षसाला १,५०० मीटर खोल बुडवावयाचें, आणि तरीहि तो मेला नाहीं तर हवेनें फुगणाऱ्या मोठ्या फुग्यांनीं त्याला एकदम वर खेचावयाचें, अशी नोदा या तंत्रज्ञाची योजना असते. योजनेपेक्षां मोलाचें त्याचें भाषण. आपल्या देशानें माणसाचा जीव फार स्वस्त मानला, सैनिकांना उपाशी मारलें, वैमानिकाला निसटण्याची सोयहि ठेवली नाहीं. या खेपेस मरण्यासाठीं नव्हे, जगण्यासाठीं लढावयाचें, असा त्याचा आशय आहे. पहिल्या चित्रपटांत शास्त्रज्ञ सेरिझावा आपल्या संहारक शोधाचें रहस्य दुसऱ्या कोणाच्या हातीं पडूं नये म्हणून राक्षसासह समुद्रतळीं प्राण देतो. तें मरण उदात्त होतें, यांत शंका नाहीं. शिकिशिमाहि बाँबनें भरलेलें विमान गॉड्झिलाच्या जबड्यांत घालण्यास निघतो, आणि पुन्हां तेंच बलिदान पाहावयाचें म्हणून रसिक मन घट्ट करतो. परंतु ज्यानें त्याला भित्रा म्हणून हिणविलें त्या ताचिबानानेंच विमानांत बाहेर फेंकणारें आसन बसविलेलें असतें, आणि जगण्याची आज्ञा दिलेली असते. हवाईछत्री उघडते. जवळजवळ सत्तर वर्षांनीं पहिल्या चित्रपटाला मिळालेलें हें उत्तर आहे.

चित्रपट निर्दोष नाहीं. शेवटीं नोरिको इस्पितळांत जिवंत सांपडते, हा योगायोग फारच सोयीचा वाटतो; तिच्या मानेवर पसरणारा काळा डाग त्या सुखाला थोडी चूड लावतो, एवढेंच. याहून मोठी उणीव अशी कीं, जपानी सैन्यानें चीनमध्यें व आग्नेय आशियांत जें केलें त्याचा उच्चारहि कोठें नाहीं. जिवाचें मोल सांगणाऱ्या कथेंत परक्यांच्या जिवांची एखादी आठवण असती, तर तिचें वजन वाढलें असतें.

अवघ्या ३५ कलावंतांनीं यांतील ६१० चमत्कृतिदृश्यें तयार केलीं आणि १० मार्च २०२४ रोजीं त्यांच्या कामाला ऑस्कर मिळालें. दृश्यचमत्कृतीसाठीं हा मान मिळविणारा हा पहिलाच जपानी चित्रपट होय. चाहत्याला त्याचा अभिमान वाटतोच. तरीहि घरीं परतल्यावर तो १९५४ चा जुना चित्रपट पुन्हां लावतो, तो राक्षसासाठीं नव्हे. त्यांत जळत्या रस्त्याच्या कडेला एक आई मुलांना पोटाशीं धरून बसलेली दिसते. आतां लवकरच बाबांकडे जावयाचें आहे, असें ती त्यांना समजावीत असते. दृश्य कांहीं क्षणांचेंच आहे. इतकीं वर्षें त्या क्षणांत रसिकाची नजर वर, राक्षसाकडे असे. या खेपेस ती खालीं, त्या आईवर थांबते.